दावा लावण्याआधी कंपनीचे ईमेल, चॅट आणि हिशेब कसे जमवावेत: प्रिंट सगळ्यात शेवटी

दावा लावायचं ठरलं की बहुतेक कार्यालयांत पहिलं काम निघतं ते प्रिंट काढायचं. कुणी मेल उघडून एकेक पान छापतं, कुणी व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट साहेबांच्या फोनवर पाठवतं, आणि जाडजूड फाइल वकिलांच्या टेबलावर जाते. काही महिन्यांनी प्रमाणपत्राचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत कोर्टात द्यायच्या सहीच्या कागदाचा, विषय निघतो. तोवर ज्या लॅपटॉपवरून मेल काढले तो फॉरमॅट होऊन नव्या मुलाकडे गेलेला असतो, आणि ज्या फोनात चॅट होतं तो एक्स्चेंजमध्ये गेलेला असतो. कागद हातात असतात, पण ते कुठून आले हे शपथेवर सांगायला कुणी उभं राहू शकत नाही.

हे काम बरोबर उलट क्रमाने करायचं असतं. आधी पुसणं थांबवायचं. मग काय कुठे आहे ते लिहून काढायचं. मग मूळ स्वरूपात प्रत घ्यायची आणि त्याच बैठकीत तिचा हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठसा) नोंदवायचा. चाळणी त्यानंतर, आणि प्रिंट अगदी शेवटी.

उदाहरणासाठी एक कारखाना धरू. भोसरी एमआयडीसीत सुटे भाग बनवतो, आणि ग्राहकाने ‘माल सदोष आहे’ म्हणून त्याचं ४२ लाखांचं बिल अडवलंय. माल विक्रीचा व्यापारी वाद आहे, रक्कम ३ लाखांच्या वर आहे, म्हणजे प्रकरण वाणिज्यिक न्यायालय अधिनियम, २०१५ खाली चालेल. तिथे कागदपत्रांचे नियम साध्या दिवाणी दाव्यापेक्षा बरेच कडक आहेत.

## कोर्ट काय मागतं ते आधी पाहा

वाणिज्यिक दाव्यांसाठी दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ११ बदललेला आहे. वादाशी संबंधित, तुमच्या ताब्यातली सगळी कागदपत्रं दाव्यासोबतच द्यायची असतात. ती तुमच्या बाजूची असोत वा विरुद्ध जाणारी. ‘सगळं दिलं आहे’ असं शपथेवर लिहून द्यावं लागतं. मागे ठेवलेला कागद नंतर वापरायचा झाला तर कोर्टाची परवानगी लागते आणि उशिराचं पटण्याजोगं कारण सांगावं लागतं. दावा तातडीने लावावा लागला तर उरलेली कागदपत्रं देण्यासाठी ३० दिवस मागता येतात, एवढीच सवलत.

दुसरी गोष्ट प्रमाणपत्राची. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ लागू आहे. त्याच्या कलम ६३(४) खालचं प्रमाणपत्र जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब च्या प्रमाणपत्रापेक्षा वेगळं आहे. त्याचे दोन भाग आहेत: ‘भाग अ’ नोंद सादर करणाऱ्याने भरायचा आणि ‘भाग ब’ तज्ज्ञाने. दोन्हींत हॅशची किंमत लिहावी लागते.

सावधान: त्या तारखेला आधीच सुरू असलेल्या प्रकरणांना जुनाच कायदा लागतो. ‘ऑफिसात होता तो नमुना’ उचलून सही करण्याआधी आपलं प्रकरण कोणत्या तारखेचं आहे ते वकिलांना विचारा.

## टप्पा १: पुसणं थांबवा

हे समन्स आल्यावर करायचं काम नाही. ग्राहकाने माल नाकारल्याचा मेल केला, डेबिट नोट पाठवली, पैसे अडवले, किंवा वकिलाची नोटीस आली, की वाद कोर्टात जाऊ शकतो हे तुम्हाला कळलेलं असतं. त्याच दिवशी एक लेखी जतन-सूचना काढा. तोंडी सांगितलेलं पुढे कुणाला आठवत नाही. मजकूर साधा असू दे:

‘अमुक ग्राहकाबरोबरच्या १ एप्रिल २०२३ पासूनच्या व्यवहाराबद्दल वाद निर्माण झाला आहे. या व्यवहारासंबंधीचे ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप संदेश, फोटो, ड्रॉइंग, तपासणी अहवाल आणि हिशेबाच्या नोंदी कंपनीच्या किंवा स्वतःच्या उपकरणातून पुढील लेखी सूचनेपर्यंत पुसू नयेत, बदलू नयेत. फोन किंवा लॅपटॉप बदलायचा असल्यास आधी कळवावे.’

सूचना नावानिशी द्या आणि पोच घ्या. मालक आणि मार्केटिंगच्या माणसाबरोबर डिस्पॅच क्लार्क, क्वालिटीवाला, अकाउंटंट आणि वर्षभरापूर्वी नोकरी सोडून गेलेल्याच्या जागी आलेला माणूस, हे सगळे यादीत हवेत.

आयटी पाहणाऱ्याला वेगळी यादी लागते:

- व्हॉट्सअ‍ॅपवर आपोआप नाहीसे होणारे संदेश बंद करा. ही सोय २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांवर लावलेली असते, आणि ग्रुपमध्ये ती कुणी लावली हे बऱ्याचदा कुणालाच ठाऊक नसतं.
- राजीनामा दिलेल्यांची मेल-खाती पुसू नका. गूगल वर्कस्पेसमध्ये पुसलेलं खातं २० दिवसांत, मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये ३० दिवसांत परत आणता येतं. त्यानंतर हात चोळत बसावं लागतं.
- जीमेलच्या कचरापेटीतून ३० दिवसांनी मेल कायमचे जातात. पेटी आज तपासा.
- आउटलुकमध्ये पीओपी पद्धतीने (सर्व्हरवरून मेल संगणकात उतरवून घेण्याच्या पद्धतीने) मेल येत असतील तर ‘ठरावीक दिवसांनी सर्व्हरवरून काढून टाका’ ही खूण काढा. ती राहिली तर मेलची एकमेव प्रत त्या एका संगणकात उरते.
- गेटवरच्या कॅमेऱ्याचा डीव्हीआर (चित्रण साठवणारं यंत्र) जुन्यावर नवं चित्रण करत जातो. हवा तो भाग आजच काढा, हे थांबत नाही.
- कंपनीच्या डोमेनचं नूतनीकरण कधी आहे ते पाहा. मुदत संपली तर मेलबॉक्सही हातचा जाऊ शकतो.

सावधान: पुरावा कोर्टापुढे येऊ नये म्हणून इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय, हातात असलेला पुरावा जो पुढे आणत नाही, त्याच्या विरुद्ध तो गेला असता असं कोर्ट गृहीत धरू शकतं. आपल्याला अडचणीचा ठरणारा मेल पुसण्याचा मोह ज्याला होतो, त्याला हे वाचायला द्या. समोरच्याकडे त्याच मेलची दुसरी प्रत असतेच.

## टप्पा २: काय कुठे आहे त्याचा तक्ता

एक साधी एक्सेल पुरते. रकाने असे: नोंद कोणती, कोणत्या खात्यात वा यंत्रात, यंत्राचा मेक, मॉडेल आणि सीरियल नंबर (फोन असेल तर आयएमईआय), मालकी कुणाची, रोज वापरतं कोण, पासवर्ड कुणाकडे, कोणत्या तारखेपासूनची नोंद आहे. हे रकाने मी मनाने ठरवलेले नाहीत. शपथपत्रात आणि प्रमाणपत्रात जवळजवळ हेच विचारतात. आज भरले तर पुढे शोधाशोध नाही.

लोक कुठे विसरतात? मापन यंत्राला जोडलेल्या जुन्या संगणकात तपासणी अहवाल असतात. वजनकाट्याच्या संगणकात पावत्या असतात. ई-वे बिलं आणि जीएसटीची विवरणपत्रं पोर्टलवर असतात. आणि सगळ्यात महागात पडणारी जागा म्हणजे ग्राहकाचं व्हेंडर पोर्टल. ऑर्डर, वेळापत्रक, माल मिळाल्याची नोंद आणि माल नाकारल्याचे शेरे सगळे तिथे असतात. वाद चिघळला की ग्राहक तुमचं लॉगिन बंद करतो, आणि तसं करायला त्याला कुणाला विचारावं लागत नाही. म्हणून या यादीत पहिली प्रत पोर्टलची घ्या.

खासगी खात्यांचंही स्पष्ट लिहा. छोट्या कंपन्यांत अर्धा व्यवहार मालकाच्या घरगुती जीमेलवर आणि विक्री पाहणाऱ्याच्या स्वतःच्या फोनवर चालतो. कंपनीच्या कामासाठी वापरलं असेल तर ते तक्त्यात आलंच पाहिजे. फोन कंपनीचा नसेल, तर त्यातून कोणतं चॅट काढायचं एवढ्यापुरती त्या माणसाची लेखी संमती घ्या. त्याचं घरचं बोलणं कुणी वाचणार नाही हे त्यात लिहा, आणि तसंच वागा.

तपासा: विरोधी वकील विचारेल त्या प्रत्येक कागदासाठी ‘हे कुठल्या यंत्रातून आलं?’ याचं उत्तर तक्त्यात सापडतं का?

## टप्पा ३: मूळ स्वरूपात प्रत घ्या

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश जाऊ.

ईमेल. फॉरवर्ड केलेला मेल हा नवा मेल असतो. त्याचा पाठवणारा तुम्ही आणि वेळ आजची. मूळ मेल कोणत्या सर्व्हरवरून कधी आला, त्याचा संदेश-क्रमांक काय, हे मथळ्यातलं (हेडरमधलं) सगळं निघून जातं. जीमेलमध्ये ‘मूळ संदेश दाखवा’मध्ये जाऊन ईएमएल फाइल उतरवा. आउटलुकमधून सबंध पीएसटी फाइलची (मेल जिच्यात साठतात ती) नक्कल घ्या. जोडलेल्या फाइली मेलसोबतच राहू द्या, ड्रॉइंग एका फोल्डरमध्ये आणि मेल दुसऱ्यात असं करू नका. कोणत्या ड्रॉइंगची कोणती सुधारित आवृत्ती कोणत्या तारखेला मान्य झाली, यावरच आपल्या उदाहरणातला वाद उभा आहे. मथळ्यातल्या वेळा बऱ्याचदा जागतिक प्रमाणवेळेत असतात. त्यांत साडेपाच तास मिळवायचे असतात, नाहीतर मध्यरात्रीच्या आसपासच्या मेलची तारीखच चुकते.

व्हॉट्सअ‍ॅप. स्क्रीनशॉट आठवणीसाठी ठीक आहे, पुरावा म्हणून कच्चा. चॅट निर्यात करा आणि माध्यमांसह करा. निर्यातीत नंबराऐवजी फोनात साठवलेलं नाव येतं, म्हणून त्या नावापुढे कोणता नंबर आहे हे दाखवणारं पानही सोबत ठेवा. चॅट मोठं असेल तर जुने संदेश वगळले गेले आहेत का ते पहिल्या ओळीची तारीख पाहून ठरवा. निर्यातीची फाइल साधा मजकूर असते आणि कुणीही बदलू शकतं, म्हणून मूळ फोन जपणं तितकंच महत्त्वाचं. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूळ उपकरणाचा मालक स्वतः ते घेऊन साक्षीला उभा राहिला तर प्रमाणपत्राची गरज नाही. तो फोन बाजूला काढा, दोन-तीन महिन्यांनी चार्ज करा, पिन पाकिटात लिहून ठेवा. नुसता कपाटात टाकलेला फोन दोन वर्षांनी सुरू होईलच असं नाही.

टॅली आणि इतर हिशेब. लेजरचा पीडीएफ पुरेसा नाही. कंपनीच्या डेटाचं सबंध फोल्डर, ज्याचं नाव नुसता आकडा असतं, ते जसंच्या तसं नक्कल करा. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग ठेवावा लागतो. तो माग बंद केला नव्हता हे पाहून घ्या. वाद सुरू झाल्यावर जुन्या नोंदी ‘नीट’ करायला बसू नका. माग चालू असेल तर ती दुरुस्ती तारखेसह दिसते, आणि उलटतपासात तेवढ्यावर तासभर जातो.

कॅमेरा. डीव्हीआरच्या घड्याळात आणि खऱ्या वेळेत किती फरक आहे तो आधी लिहा. यंत्राचं घड्याळ आता दुरुस्त करू नका. पडद्याचं मोबाइलवर चित्रण करून ठेवणं हा उपाय नव्हे, यंत्रातूनच फाइल काढा.

पोर्टल. तारीख, वेळ, पत्ता आणि लॉगिनचं नाव दिसेल अशी पानं साठवा. अहवाल उतरवता येत असतील तर तेही घ्या.

सावधान: गोळा केलेली कोणतीही फाइल व्हॉट्सअ‍ॅपने इकडून तिकडे पाठवू नका. फोटो आकसतो, फाइल बदलते, आणि पुढच्या टप्प्यात हॅश जुळत नाही.

## टप्पा ४: हॅश आणि ताब्याची वही

हॅश म्हणजे फाइलच्या आतल्या मजकुरावरून निघणारा आकडा-अक्षरांचा ठसा. एक स्वल्पविराम बदलला तरी सगळा ठसा बदलतो. प्रमाणपत्राच्या नमुन्यात एसएचए-१, एसएचए-२५६ आणि एमडी-५ ही नावं दिली आहेत, त्याशिवाय कायद्याने मान्य असलेली दुसरी पद्धतही चालते. एसएचए-२५६ वापरा, बाकीच्या दोन्ही आता कमकुवत मानल्या जातात. विंडोजमध्ये यासाठी सर्टयुटिल हे साधन आधीपासूनच असतं, विकत काही घ्यावं लागत नाही.

क्रम असा ठेवा. प्रत घेतली की लगेच, त्याच यंत्रावर हॅश काढा. हॅशचा अहवाल वेगळ्या फाइलमध्ये साठवा. मग प्रत दोन हार्ड डिस्कवर घ्या: एक सीलबंद पाकिटात, सही आणि तारखेसह तिजोरीत, दुसरी कामासाठी. दुसऱ्या डिस्कवर पोचल्यावर हॅश पुन्हा काढून जुळवा.

ताब्याच्या वहीत तारीख, २४ तासांच्या घड्याळाप्रमाणे वेळ, काय घेतलं, कशातून, कुणी घेतलं, हॅशचे शेवटचे आठ आकडे आणि नंतर कुणाला दिलं हे लिहा. साधी पानांवर क्रमांक टाकलेली वही चांगली. सुटे कागद नकोत.

तपासा: कामाच्या डिस्कवरची फाइल वर्ड किंवा एक्सेलमध्ये उघडून कुणी ‘सेव्ह’ केली का? केली असेल तर ती बाजूला करा आणि सीलबंद डिस्कवरून नवी नक्कल घ्या.

## टप्पा ५: चाळणी

आता कुठे वाचायला बसायचं. वादाचे मुद्दे एका पानावर लिहा: ऑर्डर, ड्रॉइंगची मान्यता, डिलिव्हरी, तपासणी, नकार, येणं बाकी. प्रत्येक नोंद या मुद्द्यांशी लावून पाहा. तीच फाइल पाच जणांकडे असेल तर एक ठेवा, पण बाकी कुणाकुणाकडे होती ते लिहा.

विरुद्ध जाणारे मेल बाजूला काढून वकिलांना आधी दाखवा. लपवायचे नाहीत. तो मेल दाव्यातच समजावून सांगता येतो. शपथ घेतल्यावर समोरच्याने तो बाहेर काढला, तर तुमच्या बाकीच्या कागदांवरचाही विश्वास जातो.

वकिलांबरोबरचा पत्रव्यवहार वेगळा करा, त्याला साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ आणि १३४ चं संरक्षण आहे. कंपनीत पगारावर असलेल्या विधी अधिकाऱ्याबद्दल मात्र गैरसमज मोठा आहे. त्याला कलम १३२ चं संरक्षण नाही असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्पष्ट केलं. ‘लीगलला मार्क केलंय म्हणजे गुप्त’ हे डोक्यातून काढा.

## टप्पा ६: प्रमाणपत्र

‘भाग अ’वर सही कुणाची? ते यंत्र किंवा ते काम ज्याच्या ताब्यात आहे त्याची. संचालकांनी कधी सर्व्हर पाहिलाही नसेल आणि सही त्यांची, हे दृश्य मी फार वेळा पाहिलंय. उलटतपासात ‘हॅश म्हणजे काय?’ या एका प्रश्नावर ती साक्ष कोलमडते. प्रत ज्याने घेतली आणि वही ज्याने भरली, त्यालाच सहीसाठी पुढे करा.

नमुन्यात यंत्राचा प्रकार, मेक, रंग, सीरियल नंबर, ते नीट चालत होतं का, तुमचं त्याच्याशी नातं काय (मालकी, देखभाल, व्यवस्थापन की वापर) आणि हॅश हे भरायचं असतं, हॅशचा अहवाल सोबत जोडायचा असतो. वेगवेगळ्या स्रोतांसाठी वेगळी प्रमाणपत्रं करा. फोन, मेल-खातं आणि डीव्हीआर एकाच कागदावर कोंबले की रकाने खोटे भरावे लागतात.

‘भाग ब’साठी बाहेरचा जाणकार घ्या. आपलाच आयटीवाला तज्ज्ञ म्हणून उभा केला तर त्याच्या निःपक्षपणावर पहिला हल्ला होतो. त्याला शेवटच्या आठवड्यात बोलावू नका. त्याने टप्पा ४ नंतर लगेच डिस्क पाहिलेली बरी.

## टप्पा ७: शपथपत्र, यादी, आणि आता प्रिंट

आदेश ११ च्या नियम ६ प्रमाणे प्रिंट देणं पुरेसं असतं, ध्वनी वा चित्रण असेल तर इलेक्ट्रॉनिक प्रत द्यावी. पण शपथपत्रात प्रत्येक नोंदीबद्दल सांगावं लागतं: पक्ष कोण, कुणी कशी तयार केली, तयार झाल्याची, पाठवल्याची वा मिळाल्याची तारीख-वेळ, स्रोत, आणि प्रिंट कधी काढली. ईमेल-खात्याची आणि क्लाउडवरच्या साठ्याची मालकी, ताबा आणि वापर कुणाकडे, संगणक नीट चालत होता का, प्रत मूळ संगणकावरून घेतली का, हेही. टप्पा २ चा तक्ता आणि टप्पा ४ ची वही समोर ठेवली की हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. कोर्ट पुढे मेटाडेटा (फाइल कधी, कुणी बनवली याची आतली माहिती) किंवा लॉगही (यंत्राने आपोआप ठेवलेल्या नोंदी) मागू शकतं, म्हणून सीलबंद डिस्क निकालापर्यंत तशीच राहू द्या.

तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. ते महिने याच कामासाठी वापरा. तुम्ही प्रतिवादी असाल तर वेळ फार कमी: समन्स मिळाल्यापासून लेखी कैफियतीला (दाव्याला द्यायच्या उत्तराला) ३० दिवस, आणि कोर्टाने वाढवून दिली तरी १२० दिवसांच्या पुढे हक्कच संपतो.

## टप्पा ८: दुसऱ्याच्या ताब्यातल्या नोंदी

टप्पा ३ मधलं खोतकर प्रकरण जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीतलं. उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही हे निवडणूक कार्यालयाच्या चित्रणावरून ठरायचं होतं, आणि अधिकारी प्रमाणपत्र देईनात. कोर्टाने प्रमाणपत्र सक्तीचंच ठरवलं, पण मागणाऱ्याने शक्य ते सगळं करूनही ते मिळालं नाही, म्हणून त्याला सूट दिली. यातून आपल्या कामाचं एवढं: वाहतूकदार, पोर्टलचालक, प्रयोगशाळा यांच्याकडे नोंद आणि प्रमाणपत्र लेखी मागा, पोच ठेवा, स्मरणपत्र द्या, आणि तरी नकार आला तर कोर्टाकडे अर्ज करा. तोंडी मागितल्याचा काही उपयोग नाही. बँकेचा उतारा घेताना बँकर्स बुक्स एव्हिडन्स अ‍ॅक्टच्या कलम २अ खालचं प्रमाणपत्र त्याच अर्जात मागा.

## टप्पा ९: समोरच्याचे कागद आणि पुढची वर्षं

कैफियत दाखल झाल्यापासून कागदपत्रांच्या पाहणीला ३० दिवस, आणि पाहणी संपल्यावर कबुली वा नकार देण्यासाठी १५ दिवस मिळतात. ‘अमान्य’ असा नुसता शिक्का चालत नाही, प्रत्येक कागदामागे कारण द्यावं लागतं. त्यांच्या मेलची प्रत तुमच्या मेलबॉक्समधल्या मूळ मेलशी ताडून पाहा. शेवटचा परिच्छेद किंवा एखादी जोडलेली फाइल गायब असेल तर ती इथेच सापडते.

कागद उघड करण्याची जबाबदारी दावा निकाली निघेपर्यंत चालू असते. जुन्या लॅपटॉपमध्ये नंतर काही सापडलं तर टप्पा ३ पासून तोच क्रम. जतन-सूचना निकाल लागला म्हणून लगेच उठवू नका. अपिलाची मुदत संपल्यावर, वकिलांना विचारून, लेखी पत्राने उठवा. त्यानंतरही हिशेबाची पुस्तकं कंपनी कायद्याप्रमाणे ८ आर्थिक वर्षं ठेवायचीच असतात, तेवढा भाग पुसायच्या यादीतून वेगळा काढा.